पाणी सोडल्याची नोंद

ग्लेनिस प्रॉसर बुटांच्या खोक्यात पावत्या घेऊन आली
तेव्हा मी सँडविच खात होते. मंगळवार, एक वाजून दहा.
हॅल्डन ब्रिजच्या परिषदेत, हिशेब खात्यात,
जेवणाची सुटी टेबलावरच होते.
"दावा इथेच ना?" तिनं विचारलं,
आणि खोकं ठेवण्याआधी टेबल बाहीनं पुसलं,
वास जणू तिच्याच अंगाला येत असावा.

सहा नावा. वल्ह्यांच्या अकरा जोड्या.
आर्डल नदीवरच्या लाकडी धक्क्याचं भाडं, वर्षाचं, आगाऊ.
जुलैत पैसे परत केलेली बुकिंगं, एकशे चाळीस.
एका पोराचा कान, आणि त्या कानापायी
त्याच्या आईचे बुडालेले चार दिवस.
ही पावती ग्लेनिसची नव्हेच, पण जपून ठेवलेली तिनंच.
"आणि हे कुठे लिहायचं?"
चुरगळलेला कागद, पेन्सिलीचं अक्षर:
मे महिन्यातल्या माश्या. यंदा नाहीत.

अर्जात रकाने चार.
मालमत्ता, उत्पन्न, आरोग्य, इतर.
'इतर'मध्ये साठ अक्षरं बसतात, मधल्या जागा धरून.

पुलाच्या वरच्या अंगाला कंपनीचा पाइप आहे.
मोठ्या पावसात तो उघडायची परवानगी आहे.
गेल्या वर्षी कोरड्या दिवसांतही तो उघडा होता.
टाकी वाढवायची तर एक कोटी नव्वद लाख पौंड.
दंड बसला तीन लाख.
एवढी वजाबाकी माझ्या सातवीतल्या मुलालाही येते.
ताळेबंदात तो दंड 'चालू खर्च' म्हणून आहे,
वीज आणि झाडलोट यांच्या मधे.

आमच्या भाषेत हक्क सोडायचा तर हातावरून पाणी सोडतात.
त्यावर पाणी सोडलं म्हणजे गेलं ते, विषय संपला.
हे ग्लेनिसला सांगायला गेले, इंग्रजीत नीट उतरेना.
पाणी सोडतं कोण आणि हक्क जातो कुणाचा
हे तिला तसंही आधीपासून ठाऊक होतं.

गाव मात्र कागदावर सुधारलं.
औषधवाल्याकडे कानाचे थेंब दुप्पट खपले.
बाटलीबंद पाण्याची एक फळी होती, तिच्या तीन झाल्या.
नमुने घेणारी माणसं लॉजवर तीन आठवडे राहिली, न्याहारीसकट.
वकील आले, चहा प्यायले, चहाचंही बिल आलं.
सगळं जमेत.
नदी नुसती वाहत होती तेव्हा
कुठल्याच वहीत तिची एक पेनीसुद्धा नव्हती.

संध्याकाळी घरी पाकीट. माझ्या पेन्शन फंडाचं वार्षिक पत्रक.
दरवर्षी न वाचता फायलीत जातं.
त्या दिवशी वाचलं. पान नऊ, बारीक टाइप:
पाणीपुरवठा व मलनिस्सारण, सव्वासहा टक्के.
कंपनीचं नाव तेच. परतावा समाधानकारक.

कोट न काढता तशीच बसले.
न बांधलेल्या टाकीच्या विटा
माझ्या म्हातारपणाच्या खोलीला लागताहेत तर.
एखादी खिडकी, चांगला गरम होणारा हीटर,
सदुसष्टीनंतरचा एखादा निवांत रविवार.
आणि त्या रविवारी मी जाणार कुठे होते?
ग्लेनिसच्या नावेत. ठरवलेलंच होतं.

बुधवारी अर्ज भरला.
'इतर'मध्ये तिच्याच शब्दांत माश्या लिहिल्या.
रक्कम टाकल्याशिवाय संगणक पुढे जाईना, शून्यही घेईना.
शेवटी एक पौंड टाकला.

चारच्या सुमारास तिचा फोन.
पोच मिळाली होती, नीट वाचलेली दिसत होती.
"एक पौंड," ती म्हणाली,
"एका माशीचा, की सगळ्यांचा मिळून?"